परब हरली

सुजाता,

तू गेलीस त्याला आज अठरा दिवस झाले. शाळेच्या अंकासाठी तुझ्यावर चार ओळी लिहून द्या, असा फोन आला होता. जन्म कुठला, शिक्षण काय, नोकरी किती वर्षं, मागे कोण कोण. त्या ओळी कुणीही लिहील. मला त्या लिहिता येत नाहीयेत, कारण मी तुझ्या एका शब्दावर अडकून बसलेय. शेवटचे सहा दिवस तू तेवढाच एक शब्द बोललीस. कॉट.

सकाळी मेथी निवडता निवडता तुझी उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि भाषा गेली. मराठी गेली. पोरांच्या घशाखाली जन्मभर उतरवलेली इंग्रजी गेली. तुझ्या लेकीचं, प्रज्ञाचं नावसुद्धा गेलं. चोरानं सगळं घर धुऊन न्यावं आणि एक वाटी विसरून जावं, तसा हा एवढा शब्द मागे राहिला.

चार वाजता भेटायची वेळ सुरू झाली की मी सगळ्यात आधी आत शिरायचे. तू मला ओळखायचीस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला बघितलंस की तुझा डावा हात चादरीवरून उठायचा, तळवा वर, आणि तू म्हणायचीस, "कॉट." मग माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस.

आणि मी काय करायचे? वॉर्डातल्या मावशींना हाक मारायचे. त्या बिचाऱ्या येऊन पायथ्याचा दांडा फिरवायच्या. डोकं वर करून बघितलं, खाली करून बघितलं. उशी काढली, दोन दिल्या. गादीखाली काही टोचतंय का म्हणून मी स्वतः हात घालून चाचपलं. तिसऱ्या दिवशी हातापाया पडून खिडकीजवळची कॉट मिळवली. तुला चौघांनी उचलून तिकडे नेलं. मी म्हटलं, "झालं ना गं तुझ्या मनासारखं?" तू परत हात पुढे केलास. "कॉट." मी तुझा हात हातात घेतला, तर तू तो सोडवून घेतलास आणि डोळे मिटलेस. तेव्हा मला वाटलं, दुखत असेल. आता वाटतं, तू वैतागली होतीस. अशी वैतागायचीस तू, वर्गात एखादीला उत्तर येत असूनही ती गप्प बसली की.

डॉक्टरांनी समजावलं होतं. "असे पेशंट एखाद्या शब्दावर अटकतात, मॅडम. त्यात अर्थ शोधत बसू नका." बरोबरच सांगितलं असेल त्यांनी. पण मी मराठीची शिक्षिका. शब्द दिसला की अर्थ शोधणं एवढंच मला येतं, आणि नेमकं तेच त्या सहा दिवसांत मला जमलं नाही.

आपली दोघींची ओळखही एका भांडणानं झाली. तशा त्याआधी तीन वर्षं मुलुंडच्या त्याच शाळेत, त्याच टीचर्स रूममध्ये आपण बसत होतो. तू इंग्रजीची, मी मराठीची. पण तुझं टेबल पंख्याखाली, माझं कपाटाशी, आणि मध्ये नमस्कारापुरता रस्ता. त्या वर्षी शाळेचा अंक माझ्याकडे होता आणि तू तुझ्या वडिलांवर एक लेख दिलास. जालन्याहून आलेले, कांजूरमार्गला खोली घेतलेले, वायरमनचं काम करणारे तुझे वडील. तू त्यांना लेखात 'बाप' म्हटलं होतंस.

मी लाल पेन घेतलं. 'बाप' खोडून 'वडील' केलं. 'लई' खोडून 'खूप'. 'वायर'ची 'तार' केली, आणि जिथे जिथे 'फ्यूज' होता तिथे तिथे 'वितळतार' लिहिलं. वर समासात शेरा मारला, 'भाषा शुद्ध करावी'. पोरांच्या निबंधावर मारते तसाच. माझा हातच तसा वळलेला होता, यापलीकडे माझ्याजवळ सबब नाही.

तू कागद घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. "परब, हे काय गं केलंस?"

"शुद्ध केलं. छापायचंय ना?"

"माझ्यासमोर हा शब्द नको वापरूस. शुद्ध-अशुद्ध ऐकून ऐकून आमच्या सात पिढ्यांचे कान किटलेत." तू आवाजही चढवला नाहीस. "आणि वितळतार काय, यार? माझा बाप आयुष्यात कधी वितळतार बदलायला गेला नाही. तो फ्यूज टाकायला जायचा. लोक खालनं ओरडायचे, फ्यूज उडालाय, नि तो भरल्या ताटावरनं उठायचा. वितळतार म्हणून ओरडले असते ना, तर निवांत जेवत बसला असता."

सगळी टीचर्स रूम हसली. मी लाल झाले. भाषेला काही नियम असतात, असं काहीतरी मी पुटपुटले. तर तू वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणालीस, "आणि तुझी मालवणी कुठल्या नियमात बसते गं?"

तू मला आईशी फोनवर बोलताना ऐकलं होतंस. "आये, जेवलंस काय गो?" असं मी जिन्यात जाऊन, तोंडावर हात धरून बोलायचे. बाबा गिरणीत, घरात सगळी मालवणी. पाचवीत मी एकदा बाईंना 'माका येणा नाय' म्हटलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. त्या दिवसापासून मी घासूनपुसून जी भाषा अंगाला लावली, तिच्या जोरावर मला नोकरी मिळाली. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगावं लागलं नाही.

लेख तू परत नेलास. तो छापला गेला नाही. मी तुला सॉरी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसलीस, जसं काही घडलंच नव्हतं. डावा हात पुढे केलास, तळवा वर. "कॉट," म्हणालीस.

"काय कॉट?"

"हा शब्द इंग्रजीनं कुठून उचललाय? मूळ शब्द काढ आणि ठेव माझ्या हातावर. बेल व्हायच्या आत."

मी विचार केला आणि म्हटलं, "पलंग."

"हरलीस. खाट." तू खूश झाली होतीस. "साहेबानं आपली खाट नेली, जहाजात टाकली, तिची कॉट केली. तुझ्या घरी झोपायला काय आहे?"

"लोखंडी कॉट."

"बघ! घरची पोरगी परदेशी जाऊन परत आली, नि आई दारात उभी राहून विचारतेय, कोण पाहिजे आपल्याला?"

मला हसू आलं. यायला नको होतं, मी अजून रागावलेली होते. पण तिथून आपला खेळ सुरू झाला. तू शब्द टाकायचा, हात पुढे करायचा. मी मूळ शब्द बोलून हातावर टाळी द्यायची. बरोबर असेल तर तू मूठ मिटून म्हणायचीस, "पोचलं." चूक असेल तर एका जुन्या हजेरीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायचीस. मी वर्षानुवर्षं हरत होते. मुंगूस मला लगेच आला, कारण तो तर सरळ मराठीच, इंग्रजीत जाऊन मंगूस झालेला. त्याचं अनेकवचन करताना पोरं हटकून चुकायची, गूसचं गीस होतं तसं मंगीस करायची. तू फळ्यावर डस्टर आपटायचीस, "अरे, हंसाशी त्याचं काय नातं? आपल्या बांधावरचा आहे तो!" पण शांपूच्या मागे चंपी आहे, डंगरीच्या मागे आपली डोंगरी, आणि वेड लागलेल्याला इंग्रज ज्या 'डूलाली' शब्दानं हिणवतात त्याच्या मागे देवळाली, हे मला कुठून माहीत असणार?

हंसावरून बदकाचं आठवलं. वर्सोव्याला आपण बोंबील घ्यायला गेलो होतो, आणि तू काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांखाली उभी राहून कोळणीला सांगितलंस की इंग्रजीत याला मुंबईचं बदक म्हणतात. ती मावशी थंडपणे म्हणाली, "बदक? मंग ह्याची अंडी इकली नसती का मी?" तू इतकी हसलीस की पिशवी खाली पडली. घरी जाईपर्यंत रिक्षात दर सिग्नलला तुला नव्यानं हसू येत होतं.

मी भांडायचे मात्र. मी म्हणायचे, त्यांनी घेतलं ते त्यांच्या मर्जीनं आणि आपल्या पोरांच्या तोंडी येतंय ते आपल्या नाइलाजानं. दोन्ही सारखं कसं? तू म्हणायचीस, इंग्रजीला काय नाइलाज झाला नाही का? तिच्यावरही फ्रेंच येऊन बसले होते. गोठ्यात गाय राखणाऱ्याची काऊ इंग्रजी, आणि तीच गाय शिजून ताटात आली की साहेबाचं बीफ फ्रेंच. टेबल त्यांचं नाही, चेअर त्यांची नाही. आकाशाला म्हणतात तो स्काय समुद्रावरून चढाई करून आलेल्या लोकांचा. "अगं, 'ते लोक' म्हणायचा जो शब्द आहे ना, दे, देम, तोसुद्धा त्या लोकांचाच! एवढी कंगाल भाषा, आणि बघ, मागून मागून केवढी झाली."

मग माझ्या हातातलं पेन बघून म्हणायचीस, "आणि तुझं काय? लाल फारसी, शाई फारसी, ज्या कागदावर खोडतेस तो कागदही तिकडचाच. पगार पोर्तुगीज. सोड मग पगार."

विरजणाची गोष्ट तुझीच. मी एकदा फारच तावातावानं बोलत होते, शब्द उसने घेऊन भाषा मोठी होत नाही वगैरे. तू डबा उघडत म्हणालीस, "उसना शब्द म्हणजे विरजण गं. शेजारीण वाटीभर घेऊन गेली म्हणून तुझं दही कमी होतं का? आणि एखाद्या दिवशी तुझं नासलं, तर तिच्याकडनं आणशील. ते तुझंच असतं." मी म्हटलं, "शेजारीण दार वाजवून मागते. यांनी लूट केली." तू घास हातात धरून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, जिंकले. तर तुझा हात पुढे आला. "लूट हा शब्द पण नेला त्यांनी. हा धरायचा का तुझा गुण?" हा वाद तिथेच राहिला. मला अजूनही वाटतं माझा मुद्दा बरोबर होता. आणि आता मी हा वाद कुणाशी घालू? बाकीच्यांना मी बोलायला लागले की लगेच पटतं.

सॉरीचंही तसंच झालं. एकदा तू विचारलंस, "सॉरी?" मी लॅटिन म्हटलं, फ्रेंच म्हटलं. तू मान हलवत राहिलीस. "हा कुणाकडनं नाही घेतला. अस्सल त्यांच्या घरचा. दुखणं या अर्थाचाच शब्द आहे तो." मग सहज म्हणावं तसं म्हणालीस, "तुला तर म्हणायलाच अडचण. सॉरी इंग्रजी, माफ कर फारसीकडनं आलेलं, आणि क्षमस्व म्हणालीस तर मी हसेन." तू माझ्यासाठी दार उघडून दिलं होतंस, हे मला कळलं होतं. बेल झाली. मी आठवी ब-वर गेले. त्या लेखाबद्दल मी पुढच्या सगळ्या वर्षांत अवाक्षर काढलं नाही. तू दर दिवाळीला माझ्याकडे येत राहिलीस. मी तुझ्या प्रज्ञाच्या लग्नात वरमाईसारखी मिरवले. आपलं बरं चाललंय, असं मी धरून चालले.

परवा पुण्यानुमोदनाला कांजूरला आले. तुझ्या बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. वारा फिरला आणि डम्पिंग ग्राउंडचा वास आला, तर कुणीतरी उठून खिडक्या लावल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आलं अत्तर!" मला तुझी इतकी आठवण आली की मी चपला शोधायच्या निमित्तानं बाहेर गेले.

लोक पांगल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, माझंच चुकलं. आई किती सांगत होती, कॉट, कॉट. तिला ती कॉट टोचत असणार. मी भांडून दुसरी आणायला पाहिजे होती ना? निदान घरी तरी न्यायला पाहिजे होतं तिला, तिच्या स्वतःच्या कॉटवर." मी तिला कुशीत घेतलं. मलाही तसंच वाटत होतं. मग ती आतून पिशवी घेऊन आली. "हे तुझ्यासाठी आहे बहुतेक. सगळीकडे तुझंच नाव आहे."

ते रजिस्टर होतं. कोपरे दुमडलेलं, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेलं. आधी मी तुझ्या वडिलांवरचा लेख शोधला. पानन्‌पान उलटून बघितलं. तो त्यात नव्हता. मग पहिल्या पानावर आले. वर तुझं ते सुरेख, डावीकडे झुकलेलं अक्षर. 'कॉट – खाट. परब हरली.'

सुजाता, तुझा हात दिसला मला. डावा हात, तळवा वर. चार वाजता, रोज, सहा दिवस. तू कॉटबद्दल तक्रार करत नव्हतीस. तू शब्द टाकत होतीस आणि हात पुढे करून थांबत होतीस. आणि मी दांडा फिरवत होते.

किंवा नसेलही तसं. डॉक्टर म्हणाले तेच खरं असेल. तू कॉटवर होतीस, म्हणून मेंदूत कॉट राहिला, आणि हात उठत होता तो उठण्यापुरताच. मी दोन दिवस हेच करतेय. सकाळी मला पक्कं वाटतं की तू खेळत होतीस. दुपारपर्यंत वाटतं, हे मी मनाच्या समाधानासाठी रचतेय. कुणाला विचारू? एकच माणूस सांगू शकलं असतं, आणि त्या माणसानं सहा दिवस सांगितलं. पोरगी परदेशी जाऊन दारात आली होती, आणि मी, अर्थ शोधणारी बाई, दार धरून विचारत राहिले, कोण पाहिजे आपल्याला?

मी प्रज्ञाला सगळं सांगितलं. खेळ, हात, टाळी, पोचलं. ती रडायची थांबून ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तिला फक्त उत्तर हवं होतं?"

"असेल. मला माहीत नाही गं."

"काय होतं उत्तर?"

"खाट."

"एवढंच?"

"एवढंच."

ती हसली आणि पुन्हा रडायला लागली, आणि मला तिला थांबवता येईना.

शाळेच्या चार ओळी मी लिहून दिल्या आज. त्यात तुझ्या वडिलांचा उल्लेख केलाय, वायरमन असाच. शेवटचं वाक्य आहे, लोकांचे फ्यूज टाकायला तिचा बाप भरल्या ताटावरून उठायचा. अंक आता एका तरुण मुलीकडे आहे. तिनं विचारलं, "मॅडम, बापच्या जागी वडील करू का?" मी म्हटलं, हात लावलास तर बघ. यानं काही भरून निघत नाही, मला कळतं. तुझा लेख गेला तो गेलाच.

आणि रजिस्टरमध्ये तुझ्या शेवटच्या नोंदीखाली मी एक नोंद केलीय. माझ्याच लाल पेनानं, दुसरं हाताशी नव्हतं. 'कॉट – खाट. परब हरली.' पहिल्या दिवशी हरले तेव्हा मला माहीत नव्हतं. या वेळचं तसं नाही गं. या वेळी उत्तर मला येत होतं, सुजाता. मला येत होतं.